मोरुला, ब्लास्टुला, गॅस्ट्रुला : शेवटी हे 'उला' कसलं?

प्रश्न असा आलाय की भ्रूणाच्या सुरुवातीच्या अवस्थांना मोरुला, ब्लास्टुला, गॅस्ट्रुला म्हणतात, तर तिघांच्या शेवटी 'उला' का आणि यांना मराठीत काय म्हणता येईल. मला हा प्रश्न फार आवडला, कारण ते 'उला' कळलं की तिन्ही शब्द आपोआप उलगडतात.

हा लॅटिनमधला लघुत्वाचा प्रत्यय आहे, म्हणजे छोटंसं, इवलंसं काहीतरी. आपल्याकडे तान्हुला, सानुला, सोनुला म्हणतात ना, अगदी तसाच, आणि कानालाही तसाच लागतो. मोरुम म्हणजे तुतीचं फळ, म्हणून मोरुला म्हणजे छोटीशी तुती. फलित अंड्याचे दोनाचे चार, चाराचे आठ असे तुकडे पडत जातात आणि सोळा-बत्तीस पेशींचा भरीव गोळा होतो, माणसात हे तिसऱ्या-चौथ्या दिवसाकडे होतं. वरून बघितलं तर खरंच तुतीसारखा दाणेदार दिसतो. आणि गंमत म्हणजे गोळा मोठा होतच नाही, पेशी वाढतात त्या संख्येने, आकार मूळ अंड्याएवढाच.

ब्लास्टुलात मात्र बरेच जण फसतात. यातला ब्लास्ट म्हणजे स्फोट नव्हे! तो ग्रीक शब्द आहे, अर्थ कोंब, अंकुर. रक्ताच्या रिपोर्टमधे 'ब्लास्ट सेल्स' लिहिलेलं असतं तिथेही हाच, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या, कोवळ्या पेशी. तर ब्लास्टुला म्हणजे छोटा कोंब, आतून पोकळ, पोकळीत द्रव भरलेला.

आणि गॅस्टर म्हणजे पोट, गॅस्ट्रोस्कोपीतलं तेच. गॅस्ट्रुला हे नाव एर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने 1872 साली चुनखडीयुक्त स्पंजांवरच्या ग्रंथात दिलं. पोकळ चेंडूची एक बाजू आत दबत जाते, म्हणजे टोपीचा माथा आत ढकलला की कसे दोन पदर होतात तसं, आणि आत जी खोबण तयार होते ती पुढे अन्नमार्ग बनते, म्हणून पोट. अर्थात हे असं नीटसं दुमडणं समुद्री साळींदरासारख्या (सी अर्चिन) प्राण्यांत दिसतं, पक्ष्यांत आणि आपल्यात पेशी एका रेघेवाटे आत उतरतात आणि पोटासारखं काही दिसतच नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

आता मराठीचं. परीक्षेत, पेपरात मूळ शब्दच वापरा असं माझं मत, ते सगळ्या जगात चालतात. पण शिकवताना अर्थ पोचवायचा असेल तर आपलाच प्रत्यय हाताशी आहे की! गॅस्ट्रुलाला 'पोटुला' म्हणून बघा, ब्लास्टुलाला 'कोंबुला'. मी हे मनापासून सुचवतोय, कारण घटक नि घटक जुळतो, आणि एकदा ऐकलेलं पोर विसरणार नाही. गॅस्ट्रुलात पेशींचे जे थर बनतात, त्यांच्यासाठीसुद्धा 'स्तर'पेक्षा मला 'पदर' जास्त जवळचा वाटतो : बाहेरचा पदर (त्यातून त्वचा आणि मज्जासंस्था), मधला पदर (स्नायू, हाडं, रक्त), आतला पदर (आतड्याचं अस्तर, यकृत). मग जेलीफिश दुपदरी आणि आपण तिपदरी, केवढं सोपं झालं!

जुन्या संस्कृत शब्दांबद्दलही विचारलंय. गर्भोपनिषदात एका रात्रीत कलल, सात रात्रींत बुद्बुद आणि पंधरवड्याच्या आत पिंड असा क्रम आहे, भागवताच्या तिसऱ्या स्कंधात बुद्बुद पाच रात्रींत आणि दहा दिवसांत कर्कंधू, म्हणजे बोर. म्हणजे एकीकडे तुती, दुसरीकडे बोर, फळाचीच उपमा सुचली हे बघून मला खूप आनंद झाला होता. आपला 'बुडबुडा' याच बुद्बुदाचा, आणि पोकळ ब्लास्टुलाला तो शब्द म्हणून छान शोभतो. पण म्हणून 'त्यांना सगळं माहीत होतं' असं कृपया म्हणू नका, सस्तन प्राण्याचं अंडंच मुळात पहिल्यांदा 1827 मधे फॉन बेअर या भ्रूणशास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. शब्द सुंदर आहेत, शब्द म्हणूनच घ्या.

आणि हो, हे तिन्ही शब्द मराठीत पुल्लिंगी चालवावेत, तो मोरुला, तो गॅस्ट्रुला. लॅटिनमधे ते स्त्रीलिंगी आहेत खरे, पण शाळा, भाषा असे शब्द सोडले तर आपल्याकडे आकारान्त नाम बहुधा 'तो'च वाटतं, शिवाय सोबतीला तान्हुला आहेच.