तुकडेबंदी उठली, मग बॉन्डवरचा प्लॉट घ्यावा का?

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला कंपनीत नोकरी आहे, हातात महिना 34 हजार येतात. भाडं 7 हजार. देवळाईत 1 गुंठ्याचा प्लॉट 14 लाखांत मिळतोय. 11 लाखांची एफडी मोडायची आणि बायकोच्या सोन्यावर 3 लाख उचलायचे, असा विचार आहे. विकणाऱ्याने तो 2022 मध्ये शेतमालकाकडून नोटरी करून घेतला होता. तो म्हणतो, आता तुकडेबंदी (ठरलेल्या आकाराहून लहान तुकडे विकायची बंदी) उठली, सध्या बॉन्ड (स्टॅम्प पेपरवरचा करार) करून टाका, रजिस्ट्री नंतर होईल. दाजी म्हणतात, हातचा जाऊ देऊ नको. काय करू?

उत्तर : आधी निकाल सांगतो, कारणं मागून. बॉन्डवर 14 लाख देऊ नका. दाजींना वाईट वाटेल, वाटू द्या.

विकणारा अगदीच खोटं बोलत नाही, आणि म्हणूनच त्याचं बोलणं जास्त धोक्याचं आहे. राज्य सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये अध्यादेश काढून शहरी आणि अकृषिक पट्ट्यातले 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले तुकड्यांचे व्यवहार फुकट नियमित करायची वाट मोकळी केली. याच कामाला पूर्वी बाजारमूल्याच्या 25 टक्के, मग 5 टक्के भरावे लागत. देवळाई महापालिका हद्दीत आहे, तेव्हा त्याचा 2022 चा व्यवहार या मुदतीत बसतो. पण सवलत आहे ती त्याच्या व्यवहाराला. तुमचा बॉन्ड आजच्या तारखेचा असणार. त्याच्या व्यवहारासाठी उघडलेल्या दारातून तो तुम्हाला आत ढकलतोय.

शिवाय माफ झालंय ते नियमितीकरणाचं शुल्क, मुद्रांक शुल्क नव्हे. 2022 ची नोटरी सातबाऱ्यावर आणायची तर त्याला मुद्रांक भरून दस्त नोंदवावा लागेल, मग फेरफार होईल. तो खर्च आणि तलाठ्याकडचे हेलपाटे टाळायचे म्हणूनच ‘रजिस्ट्री नंतर’ हे पालुपद चाललंय. कायदा इथे जुनाच आहे. जमिनीची मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच बदलते. नुसत्या करारनाम्याने किंवा मुखत्यारपत्राने ती बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलं. बॉन्ड शंभराचा होता तो 2024 मध्ये पाचशेचा झाला, एवढाच काय तो फरक. कागद महागला, वजन तेवढंच राहिलं.

आता जे तुम्हाला कुणीच सांगितलं नसेल ते. तुकडेबंदी आणि गुंठेवारी हे दोन वेगळे कायदे आहेत, आणि आपल्या शहरात लोक दोन्ही एकाच दमात बोलतात. गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट नियमित करायचा, कायदा 2001 चा. कोणत्या तारखेपर्यंतचे प्लॉट त्यात बसतात ती मुदत 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली. म्हणजे 2022 चा व्यवहार तुकडेबंदीच्या सवलतीत बसतो, गुंठेवारीच्या मुदतीत मात्र बसत नाही. मूळ प्लॉटिंग 2020 च्या आधीचं असेल तर त्याने तसा पुरावा दाखवावा. 2022 ची नोटरी हा तो पुरावा नव्हे. हा पेच सुटला नाही तर उद्या सातबाऱ्यावर तुमचं नाव येईल, पण बांधकाम परवानगी अडेल. परवानगी नाही म्हणजे गृहकर्ज नाही. ज्या प्लॉटवर घर बांधायला बँक कर्ज देत नाही, तो 34 हजार पगाराच्या माणसाने कशासाठी घ्यायचा?

हिशेबही बघा. 11 लाखांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला 71,500 म्हणजे महिन्याला साधारण 5,960 रुपये व्याज होतं. तुमचं भाडं 7 हजार. तुमची एफडी आज जवळजवळ सगळं भाडं भरतेय, हे तुमच्या लक्षात आलं नसावं. ती मोडली की भाडं पूर्ण पगारातून जाईल आणि सोन्याच्या कर्जावर 10 टक्के धरले तरी महिना 2,500 व्याज, मुद्दल वेगळंच. प्लॉट मात्र महिन्याकाठी एक रुपया देणार नाही. आणि दुखण्याखुपण्याला हाताशी काही उरणार नाही. दोन-तीन लाख बाजूला असल्याशिवाय मी कुणालाच जागा घ्या म्हणत नाही.

एनए फोर्टीफोरचा, म्हणजे रीतसर बिगरशेती परवानगीचा प्लॉट घ्यावा का, असं विचाराल. कर्जावर तोही सध्या झेपणार नाही. 10 लाख 9 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी घेतले तर हप्ता 10,143. भाडं धरून निम्मा पगार तिथेच संपला. तरी दोन-तीन वर्षं बचत वाढवून त्याच वाटेने जा, महाग पडला तरी.

हाच प्लॉट मनात भरला असेल तर विकणाऱ्याला एक अट घाला. आधी त्याने स्वतःचं नाव सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून आणावं आणि महापालिकेकडून बांधकामाचं काय ते लेखी घ्यावं. तोवर इसार म्हणून 25 हजार, तेही चेकने, आणि नोंदणीकृत साठेखतातच (पुढे विक्री करण्याच्या करारात). रोख तर अजिबात नाही; जागेच्या सौद्यात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. मधल्या काळात वकिलाकडून 1954 च्या खासरा पाहणी पत्रकापासूनचे (जमिनीच्या जुन्या नोंदीपासूनचे) उतारे काढून घ्या. आपल्याकडे निजामकाळातली इनामं आहेत, सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या वर्ग-2 च्या जमिनी आहेत, वक्फच्या आहेत. वरचा सातबारा कोरा दिसतो आणि खाली भलतंच निघतं. शेतमालकाच्या बहिणींच्या सह्या आहेत का, तेही त्यातच बघून होईल.

अट ऐकून तो ‘बघतो’ म्हणाला तर महिनाभर थांबा. ‘दुसरं गिऱ्हाईक उभं आहे’ म्हणाला, तर त्या गिऱ्हाइकालाच घेऊ द्या.