ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायला लावणारी प्रथिनं) दुप्पट टाकले तर कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमधल्या डिशमध्ये, रक्ताच्या स्टेम सेलही दुप्पट होतात का?

पेशी दुप्पट होतील, कदाचित चौपटही. त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, किती, हा प्रश्न वेगळा.

आमचं घर परभणीकडचं, कापसाचं. युरिया जास्त पडला की कपाशी माजते. झाड खांद्याला लागतं, पानं काळीभोर, अन् पात्या मात्र खाली गळालेल्या. लॅबमधल्या पहिल्या वर्षी मी नेमकं हेच केलं. नाळेच्या रक्तातल्या सीडी३४ पेशी (ही खूण असलेल्यांतच स्टेम सेल सापडतात) घेतल्या, एससीएफ हा ग्रोथ फॅक्टर वाढवला, वरून आयएल-३ हा दुसरा फॅक्टर सढळ हातानं. सातव्या दिवशी काउंटिंग चेंबरचे चौकोन इतके भरले होते, की मोजताना तीनदा हिशेब चुकला. मी खूश! मग फ्लो सायटोमेट्रीला (खुणांवरून पेशी ओळखणारी तपासणी) लावलं, तर सीडी९० वाल्या, म्हणजे स्टेम सेलची खूण असलेल्या, पेशींची जागा जवळपास रिकामी. वाढल्या होत्या त्या पांढऱ्या पेशी व्हायला निघालेल्या.

असं होतं, कारण अस्थिमज्जेत खरी स्टेम सेल बहुतेक वेळ झोपलेली असते. आपण तिला सतत विभाजनाला ढोसतो आणि ती तिचं मूळपण गमावत जाते. शिवाय एससीएफ जास्त असलं की ते पकडणारा किट रिसेप्टर (पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) पेशी आत ओढून घेते, मग जास्तीचं एससीएफ पकडायला तो उरत नाही. तयार झालेल्या पेशीही माध्यमात वाढ रोखणारी द्रव्यं सोडतात, म्हणून माध्यम बदलत राहावं लागतं.

पण म्हणून सगळंच कमी करायचं नाही, उपाशी पेशी मरतातच. प्रमाण महत्त्वाचं. २०१९ मध्ये उंदराच्या पेशींवरचं काम आलं, त्यात टीपीओ (आणखी एक ग्रोथ फॅक्टर) १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर आणि एससीएफ फक्त १०. सोबत डिशच्या तळाला फायब्रोनेक्टिन या चिकट प्रथिनाचा थर, आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाऐवजी पीव्हीए हे पॉलिमर (हो, गोंदातलं!). महिनाभरात स्टेम सेल २३६ ते ८९९ पट. ही कृती माणसाच्या पेशींना जशीच्या तशी लावू नका. तिथे एससीएफ, टीपीओ, एफएलटी३ लिगँड (हाही ग्रोथ फॅक्टरच) प्रत्येकी १०० नॅनोग्रॅमपासून सुरुवात करायची पद्धत आहे. २०२३ मध्ये तर सायटोकाइन, म्हणजे हेच ग्रोथ फॅक्टर, काढून रसायनांवरच माणसाच्या पेशी वाढवून दाखवल्या.

तुम्ही एका वेळी एकच फॅक्टर बदला, बाकीचे तसेच ठेवा. नुसत्या काउंटवर जाऊ नका. खरी परीक्षा उंदरात प्रत्यारोपण करून महिनोन्महिने रक्त बनतंय का, हे पाहण्याची. तेवढी सोय नसेल तर निदान सीडी९० तरी बघा. आयएल-३ ची बाटली तूर्त फ्रीजरमध्येच राहू द्या.