माऊनला तू स्वतः जा

प्रश्न : ताई, मी पेडण्याचा, वय २४. सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) होऊन दीड वर्ष झालं. लॉगबुकात २१५ तास आहेत, बहुतेक सेसना १७२ या छोट्या विमानावरचे. विमान कंपन्यांकडून बोलावणं येत नाही. मोपाची विमानं घरावरून जातात तेव्हा आई वर बघायचं टाळते. आफ्रिकेत बुश फ्लाइंगची, म्हणजे रानातल्या कच्च्या पट्ट्यांवर छोटी विमानं उडवायची, पहिली नोकरी मिळते असं ऐकलं. एक एजंट नोकरीची हमी देऊन साडेतीन लाख मागतोय. बाबा काजूची बागायत गहाण ठेवायला तयार आहेत. काय करू?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : बागायत गहाण ठेवू नकोस, बाबांना आज रात्रीच सांग. ही हमी कोणी देऊच शकत नाही, कारण तिथला चीफ पायलट माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय घेत नाही. मीही इथे गोव्यात, साखळी गावात बसून चाळीसेक ईमेल पाठवले होते, एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी बोत्स्वानातल्या माऊनला गेले, थामलकाने नदीकाठी तंबू ठोकला आणि सात आठवडे रोज सकाळी त्याच चार-पाच कंपन्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. पाचव्या आठवड्यात एकाने पहिल्यांदा माझं लॉगबुक उघडून बघितलं.

माऊनच का, ते सांगते. ओकावांगो नदीचं पाणी अंगोलाच्या डोंगरातून येतं आणि तिथे पोचतं ते नेमकं कोरड्या महिन्यांत. पाऊस नाही आणि पूर मात्र चढलेला. जंगल बघायला येणाऱ्या पर्यटकांच्या कॅम्पांची बेटं होतात. पाहुणे, भाजी, स्वयंपाकी, सगळं विमानानेच जातं. जून ते ऑक्टोबर गर्दीचा हंगाम, म्हणून नव्या पोरांना घेणं आणि तयार करणं वर्षाच्या सुरुवातीला चालतं. तुझ्या तासांना साजेसं विमान म्हणजे सेसना २०६, तेही तिथेच जास्त. केनियात नैरोबीच्या विल्सन विमानतळावर किंवा टांझानियात अरुशाला कॅरॅव्हॅन ही मोठी सेसना चालतात, पण त्यासाठी तास जास्त मागतात. नामिबियात विंडहूकच्या एरॉस विमानतळावर चौकशी करायला हरकत नाही. बोत्स्वानाचे स्वतःचे पायलटही आता तयार झालेत, पहिला हक्क त्यांचा, आणि ते रास्तच आहे. त्यामुळे तीन महिने थांबूनही रिकाम्या हाताने परत यावं लागेल, हे घरात आधीच बोलून ठेव. तंबूचे, जेवणाचे आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे काढ. गहाणाच्या पैशावर असा धीर धरता येत नाही रे.

थांबण्याच्या दिवसांत लोक तुला पाहत असतात. तिथे पायलट एकटाच असतो. तेल भरणं, बॅगांचं वजन करून त्या विमानाच्या पोटाखालच्या पॉडमध्ये (सामानाच्या पेटीत) बसवणं, काच पुसणं, सगळं त्यानेच करायचं. सामान साधारण २० किलो आणि मऊ पिशवीतच, तरी कोणीतरी कडक सूटकेस घेऊन येतोच. त्याला गोड बोलून, पण ठाम नाही म्हणणं तुझंच काम.

आता उडण्याचं. आपला दाबोळी विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे फुटांवर. माऊन ३,१०० फुटांवर. पारा ३८ अंशांवर गेला की विमानाला तिथली हवा साडेसहा हजार फुटांवर असल्यासारखी विरळ लागते. हे मी परीक्षेत सोडवलं होतं, पूर्ण गुण मिळाले होते. पण चेक फ्लाइटच्या, म्हणजे उडवून दाखवायच्या चाचणीच्या, दिवशी एका कॅम्पच्या पट्टीवरून निघताना झाडं जवळ येत राहिली आणि चाकं काही केल्या वाळू सोडेनात. शेजारच्या कॅप्टनने थ्रॉटल मागे ओढला. उतरून आम्ही चाकांच्या खुणा चालत मोजल्या. मी धरलेल्या अंतरापेक्षा जवळजवळ दीडपट धावलो होतो. त्याने आवाज चढवला नाही. वजनाचा कागद पुन्हा भरायला लावला, एवढंच. त्या दिवसापासून मी प्रत्येक उड्डाणाआधी आकडे हाताने मांडते. तू आजपासूनच सवय लाव : तुझ्या १७२ चं हँडबुक काढ आणि ३,१०० फूट, ३८ अंश, पूर्ण वजन धरून अंतर काढून बघ.

पट्टीवर उतरण्याआधी एकदा कमी उंचीवरून फेरी मारायची. हरणं पळतात, हत्ती पळत नाही. तो निघेपर्यंत वर घिरट्या घालायच्या, म्हणजे तेवढं तेल हाताशी हवंच. खडीच्या पट्टीवर थांबून पूर्ण पॉवर लावू नये, प्रोपेलर खडे ओढून घेतो. फिरत फिरतच वेग घ्यायचा.

कागदपत्रांना वेळ लागतो. डीजीसीएकडून (आपल्या विमान वाहतूक नियामकाकडून) तुझ्या लायसन्सची पडताळणी तिथल्या प्राधिकरणाला जावी लागते, मग त्यांची एअर लॉची (हवाई नियमांची) परीक्षा, आणि कंपनीने घेतलं तर वर्क परमिट. परमिट हाती येईपर्यंत, कोणी कितीही आग्रह केला तरी, फुकटसुद्धा उडवायचं नाही. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असशील तर पिवळ्या तापाची लस घे; मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात चौकशी कर. प्रमाणपत्र लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, आणि ते नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवतात.

चतुर्थी आटोपली की पडताळणीचा अर्ज टाक. दिवाळीपर्यंत मेडिकल आणि लस. जानेवारीच्या शेवटाचं तिकीट काढ. आणि निघण्याआधी एखाद्या रविवारी आईला घेऊन साखळीला ये. तिला काय काय विचारायचं असेल, ते मला विचारू दे.