प्रोब फसला, तर आवराआवर कोणी करायची?

प्रश्न : लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये जिकडेतिकडे 'गोटू' (कोडमध्ये दुसऱ्या ओळीवर उडी मारणारी आज्ञा) दिसतो. कॉलेजात तर त्यासाठी गुण कापायचे!

उत्तर : कापू देत. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कोडिंग स्टाइलमध्येच आवराआवरीसाठी 'गोटू' सुचवलेला आहे. प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइस ताब्यात घेऊन तयार करतो त्या फंक्शनमध्ये, मेमरी घेतली, क्लॉक सुरू केला आणि पुढे इंटरप्ट (डिव्हाइसनं प्रोसेसरला हाक मारायची सोय) मिळालाच नाही, तर आधी क्लॉक बंद, मग मेमरी मोकळी. घेतलं त्याच्या उलट क्रमानं सोडायचं. उडी जिथे पडते त्या लेबलांना मात्र 'एर१', 'एर२' म्हणू नका; मध्ये एक पायरी वाढली की सगळे आकडे सरकवत बसावं लागतं. 'फ्री_बफर' असं कामावरून नाव द्या. आणि उडी मारण्याआधी 'रेट'मध्ये (फंक्शन जे परत करणार त्या चलात) एरर कोड भरलाय ना, ते बघा. तिथे शून्य राहिलं, तर मेमरी सोडून झालेली असते आणि कर्नल मात्र प्रोब यशस्वी झाला असं धरून चालतो.

प्रश्न : 'डिव्हाइस_रजिस्टर' (डिव्हाइसची कर्नलकडे नोंदणी) फसलं, तर 'केफ्री' करून मेमरी थेट सोडायची ना?

उत्तर : नाही. 'पुट_डिव्हाइस'च. नोंदणी फसली तरी संदर्भगणना (डिव्हाइस किती जण वापरताहेत याची मोजणी) तोवर सुरू झालेली असते; 'पुट_डिव्हाइस' त्यातला आपला वाटा सोडतं.

प्रश्न : इंटरप्ट 'डेव्हएम'नं (घेतलेलं आपोआप सोडणाऱ्या यंत्रणेनं) घेतो, बफर साध्या 'केमॅलॉक'नं (हातानं सोडायची मेमरी), आणि तो 'रिमूव्ह'मध्ये (ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) सोडतो. मॉड्यूल काढताना कधीकधी कर्नल कोसळतो.

उत्तर : दोष या अर्ध्यामुर्ध्या मिश्रणातच आहे. २००७ साली २.६.२१ मध्ये आलेली 'डेव्हएम' यंत्रणा आपल्या गोष्टी उलट क्रमानंच सोडते, पण तुमचं 'रिमूव्ह' संपल्यावर. म्हणजे बफर गेला, इंटरप्ट अजून जिवंत. त्या फटीत इंटरप्ट आला की हँडलर (त्याला उत्तर देणारं फंक्शन) सोडलेल्या मेमरीत हात घालतो. प्रोब अर्ध्यात फसला तरी हीच गत. बफरही 'डेव्हएम_केझॅलॉक'नं घ्या, तोही इंटरप्टच्या आधी. ज्या गोष्टीला 'डेव्हएम' रूप नाही, तिच्यासाठी 'डेव्हएम_अ‍ॅड_अ‍ॅक्शन_ऑर_रीसेट' वापरा. हे जमत नसेल, तर सगळंच हातानं सोडा. निम्मं इकडे निम्मं तिकडे हा प्रकार मला सर्वांत धोकादायक वाटतो.

क्रमाचा हाच नियम 'मिस्क_रजिस्टर'लाही (डिव्हाइस वापरकर्त्यांसाठी खुलं करणाऱ्या फंक्शनलाही) लागू. ते झालं की त्याच क्षणी कुणीही डिव्हाइस उघडू शकतं, म्हणून ते सगळी तयारी झाल्यावर, शेवटी.

प्रश्न : बूट होताना 'रेग्युलेटर (डिव्हाइसला वीज पुरवणारा भाग) मिळाला नाही, एरर -५१७' असं वारंवार येतं, नंतर डिव्हाइस नीट चालतं.

उत्तर : बिघाड नाही. ५१७ म्हणजे 'ईप्रोब_डिफर' : रेग्युलेटरचा ड्रायव्हर अजून आलेला नाही, नंतर बघू. हा कोड जसाच्या तसा परत करा. काहीजण त्याजागी 'ईनोडेव्ह' ('असं डिव्हाइस नाही') देतात, मग कर्नल पुन्हा प्रयत्नच करत नाही. लॉगमधली कटकट 'डेव्ह_एर_प्रोब'नं थांबते. डिव्हाइस कायमचं अडकलं, तर डीबगएफएसमधली (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलसिस्टममधली) 'डिव्हायसेस_डिफर्ड' फाइल वाचा.

प्रश्न : मेमरी सहसा मिळतेच. मग फसल्यावरच्या आवराआवरीच्या या वाटा तपासायच्या कशा?

उत्तर : मुद्दाम नाकारा. कर्नलच्या फॉल्ट इंजेक्शनमधलं (मुद्दाम चुका घडवणाऱ्या सोयीतलं) 'फेलस्लॅब' तेच करतं; त्याच्या दस्तऐवजात मॉड्यूल लोड-अनलोड होताना मेमरी नाकारणारी स्क्रिप्ट तयारच आहे. सोबत 'केएसॅन' आणि 'केमेमलीक' ही कर्नलमधली तपासणीची साधनं चालू ठेवा. पहिलं सोडलेल्या मेमरीचा वापर पकडतं, दुसरं सोडायची राहिलेली मेमरी दाखवतं.