पोट उतरवलं तर ताकद जाते का?

वजन ८४, कंबर ३८ इंच, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) १४० किलो, आणि पोट कमी केलं तर ताकद जाईल म्हणून घाबरतोयस. भावा, चरबी वजन उचलत नाही. उचलतो तो स्नायू, आणि तो किती जाड आहे आणि मेंदू त्याला किती जोरात कामाला लावतो यावर सगळं ठरतं.

"मग पैलवानांना पोट का असतं?" हे विचारलंस ते बरं केलंस. जिममधली पोरं त्यांना 'सुजलेले' म्हणतात तेव्हा डोकं फिरतं. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती लागली की पुढे बसून बघ: कानापासून थेट खांद्यात उतरलेली मान, लंगोटाच्या वर पाठीच्या दोन्ही बाजूंना उठलेले दोरखंड. पोट त्याच्यावरचा थर आहे. खाली दाबलेल्याला वरच्याचं सगळं ओझं हलवावं लागतं, म्हणून १२५ किलोच्या गटात तो थरही कामाला येतो. हलक्या गटात मात्र चरबीचा प्रत्येक किलो स्नायूची जागा खातो. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं ते ५७ किलोच्या गटात.

'दूध-तुपानंच ताकद येते' म्हणणारेही तितकेच चुकतात. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर लिटरभर धारोष्ण म्हशीचं दूध प्यायलास तर प्रोटीन मिळतं साधारण ३६ ग्रॅम, फॅट ६५-७०, कॅलरी हजाराच्या आसपास. सकाळ-संध्याकाळ जोर-बैठका आणि लढत करणाऱ्याला ते जिरतं, खुर्चीत बसणाऱ्याच्या कंबरेला चिकटतं.

तू रोज ४००-५०० कॅलरी कमी कर, जास्त नको. प्रोटीन किलोमागे १.६ ते २ ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण १३५ ते १६८ ग्रॅम. बारवरचं वजन तेच ठेव, पाच सेटचे तीन कर. लोक नेमकं उलटं करतात: 'कटिंग' (चरबी उतरवणं) म्हणून हलक्या वजनावर पंचवीस-पंचवीस रेप्स. जड ओझं उचलायचंच नसेल तर शरीर स्नायू कशाला सांभाळेल? पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरले तर ते बहुतेक पाणी आणि ग्लायकोजेन (स्नायूंत साठलेली साखर), पेढे वाटू नकोस. बेंच प्रेस (आडवं पडून बार छातीवरून ढकलणं) थोडा घसरेल, पुल-अप्स वाढतील, डेडलिफ्ट बहुतेक जागेवर राहील. टेप बेंबीवर, सकाळी उपाशीपोटी लाव. कंबर ३४ झाली की थांब. ॲब्जच्या मागे लागून आणखी खेचलंस तर मात्र ताकद खरंच जाते, झोपही. आणि शुगरची गोळी चालू असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारून.