विमानात बसायची लाज वाटते

‘पर्यटनाने पर्यावरणाचं किती नुकसान होतं हे माहीत असूनही फिरायला जायचं, हा ढोंगीपणा नाही का?’ हा प्रश्न अलीकडे वेगवेगळ्या वयाची माणसं मला विचारतात. पण माझ्याकडे समुपदेशनासाठी फक्त हाच प्रश्न घेऊन सहसा कोणी येत नाही. येतात ती झोप उडालीय, चिडचिड वाढलीय, घरात अबोला आहे अशा तक्रारी घेऊन, आणि हा प्रश्न मागाहून निघतो. पुढची हकीकत अशाच एका जोडप्याची आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

बाई निवृत्त शिक्षिका, भूगोल शिकवायच्या. एकुलती एक मुलगी दुसऱ्या खंडात स्थायिक झालेली. तिने सुचवलं होतं की या वेळी सगळ्यांनी व्हेनिसला आठवडाभर भेटू या, तिकिटं मी काढते. बाईंनी फोनवरच नकार दिला, आणि नुसता नकार नाही, तासभर व्याख्यान दिलं. त्यानंतर मुलीचा फोन येणं कमी झालं. बाईंना पहाटे तीनला जाग यायला लागली. एका क्रूझवर जाऊन आलेल्या सख्ख्या बहिणीशी त्यांनी बोलणंच टाकलं होतं. घरात काहीही विकत आणायचं तर आधी मोबाइलवर त्याचं कार्बनचं गणित मांडायचं, ही सवय इतकी वाढली होती की नवरा वस्तू लपवून आणायला लागला होता.

“मॅडम, हिला जरा समजवा,” ते म्हणाले. “आम्ही दोघं गेलो नाही म्हणून विमान काही जमिनीवर राहणार नाही. दोन सीट रिकाम्या जातील, एवढंच.”

बाईंनी उत्तरादाखल पिशवीतून एक वही काढली. 1950 साली जगभरात परदेशी पर्यटकांची संख्या अडीच कोटी होती, 2019 मध्ये ती 146 कोटींवर गेली. जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे आठ टक्के पर्यटनाच्या खात्यावर जातात, असं 2018 मधल्या एका मोठ्या अभ्यासात निघालं होतं. व्हेनिसच्या जुन्या शहरात 1951 साली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती, आता पन्नास हजारसुद्धा राहत नाहीत. राहती घरं पर्यटकांना भाड्याने गेली, भाडी वाढली, स्थानिक माणसं बाहेर पडली. “आणि आम्ही तिथे जाऊन फोटो काढायचे?” बाईंनी वही मिटली.

आकडे बरोबर होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा वेळी ‘फार विचार करू नका’ म्हणून मोकळं होण्याचा मोह घरच्यांना होतो, कधी आमच्या व्यवसायातल्यांनाही. खऱ्या गोष्टीची काळजी वाटणं हा आजार नाही. 2021 मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात दहा देशांतल्या दहा हजार तरुणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 59 टक्के मुलामुलींनी हवामानबदलाची खूप किंवा अतिशय चिंता वाटते असं सांगितलं होतं, आणि 45 टक्क्यांहून अधिक जणांच्या रोजच्या जगण्यावर तिचा परिणाम होत होता. ही तरुणांची आकडेवारी आहे. माझ्याकडे साठीतली माणसंही तेच बोलतात, फक्त त्यांचं कुणी सर्वेक्षण करत नाही.

तरीही झोप, भूक, मन उदास राहणं, पुन्हापुन्हा तपासत बसणं हे सगळं नीट विचारून घ्यावंच लागतं. मोजण्याची सवय मंत्रचळाकडे झुकली असती तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. इथे ती वेळ नव्हती.

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950च्या दशकात मांडलेली ही पद्धत विचारते की घटना आणि भावना यांच्यामध्ये कोणता विचार उभा आहे. बाईंचा विचार शोधायला वेळ लागला, कारण तो आकड्यांच्या मागे दडला होता. तो असा होता: माझ्या हातून कणभरही नुकसान होता कामा नये, आणि झालं तर मी नालायक माणूस. नुकसान होऊ नये ही इच्छा चांगलीच आहे. पण ती हट्ट झाली की माणूस शिक्षा भोगायला लागतो, आणि शिक्षा भोगण्यात इतकी शक्ती जाते की करण्यासारखं काही सुचत नाही. बाईंनी वर्षभरात आकडे भरपूर गोळा केले होते. प्रवास कसा करावा याचा विचार मात्र एकदाही केला नव्हता, कारण प्रवासाचं नाव काढलं की लाजच आधी येऊन बसायची.

आता नवऱ्याचं वाक्य परत बघा. ‘माझ्या एकट्याने काय फरक पडतो?’ ते बाईंच्या अगदी विरुद्ध वाटतं, पण आतून दोघं एकच करत होते. एकाने सगळा भार अंगावर घेतला होता, दुसऱ्याने सगळा झटकला होता. आपला वाटा नेमका किती, हे मोजायला दोघंही तयार नव्हते. नवऱ्यांना हे आवडलं नाही. समजवायला बायकोला आणलं होतं ना!

पुढच्या एका भेटीत आम्ही जबाबदारीचं वर्तुळ काढलं. अपराधीपणासाठी हे तंत्र नेहमी वापरलं जातं. कागदावर वर्तुळ काढायचं, एखाद्या नुकसानीला कोण कोण कारणीभूत आहे त्यांना त्यांच्या वाट्याएवढी फोड द्यायची आणि स्वतःची फोड सगळ्यांत शेवटी काढायची. आधी मी बाईंना न विचार करता स्वतःचा वाटा दाखवायला सांगितला. त्यांनी वर्तुळाचा अर्ध्याहून जास्त भाग आखला.

मग दुसरा कागद घेतला. विमान कंपन्या. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनावर बहुतेक ठिकाणी कर न लावणारी सरकारं. घरांची हॉटेलं होऊ देणाऱ्या नगरपालिका. क्रूझ कंपन्या. सतत उडणारी मूठभर माणसं: 2018 च्या आकडेवारीवर बेतलेल्या एका अभ्यासानुसार जगातली जेमतेम एक टक्का माणसं प्रवासी विमानांच्या निम्म्या कार्बन उत्सर्जनाला जबाबदार होती, आणि त्या वर्षी जगातल्या दहातल्या जवळपास नऊ माणसांनी विमानात पाऊलही ठेवलं नव्हतं. हे बाईंच्या वहीत नव्हतं. थायलंडच्या ‘माया बे’ या किनाऱ्याची गोष्टही नव्हती. पर्यटकांच्या आणि बोटींच्या गर्दीने प्रवाळ उद्ध्वस्त झालेला हा किनारा 2018 मध्ये सरकारने बंद केला, प्रवाळ पुन्हा लावले, आणि 2022 मध्ये उघडताना एका वेळी किती माणसं याला मर्यादा घातली, बोटींना खाडीत मज्जाव केला. दरम्यान तिथे छोटे शार्क परतले होते. “पर्यटकांना लाज वाटून हे झालं का?” मी विचारलं. बाई म्हणाल्या, “नाही. नियमाने झालं.” त्यांनी सरकारची फोड रुंद केली. व्हेनिसनेही 2021 मध्ये मोठी जहाजं शहराच्या मधल्या कालव्यातून बंद केली, हे त्यांनीच आठवून सांगितलं.

2020 मध्ये प्रवास थांबला तेव्हा पर्यटनातल्या सहा कोटींहून अधिक लोकांचे रोजगार गेले, हेही आम्ही बाजूला लिहिलं. रोजगार मिळतात म्हणून पर्यटनाचं उत्सर्जन कमी ठरत नाही. पण ‘कुणीच कुठे जाऊ नये’ हा उपाय कुणाच्या ताटातून जातो, ते दिसतं.

शेवटी स्वतःची फोड उरली. लहान होती. “बघ, म्हणजे काहीच नाही!” नवरे लगेच म्हणाले. मी त्यांना थांबवलं. खंड ओलांडून जाण्यायेण्याच्या एका विमानप्रवासात माणशी एक टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड सहज निघतो, आणि जगाची माणशी वर्षाची सरासरी पाच टनांच्या आत आहे. एका सहलीत वर्षाच्या हिश्श्याचा एवढा मोठा भाग जात असेल तर ती फोड लहान असली तरी शून्य नाही. त्या फोडीपुरतं काय करता येईल, एवढाच प्रश्न पुढच्या भेटीसाठी घरी नेला.

पुढच्या वेळी बाई आल्या त्या निराळंच घेऊन. मुलगी व्हेनिसला बोलावते, स्वतःच्या घरी बोलावत नाही, हे त्यांना लागलं होतं. आठवडाभर हॉटेलात पाहुण्यांसारखं भेटायचं? पण ‘मला तुझ्या घरी राहायचंय’ म्हणायला संकोच वाटत होता. ‘पर्यावरणासाठी येत नाही’ म्हणणं सोपं होतं, कारण त्यात मागणं काहीच नव्हतं. पर्यावरणाची तळमळ खोटी होती असं नाही. ती खरी होती, म्हणून तर तिच्यामागे दुसरं दुःख इतकं छान लपलं. अपराधीपणा फार मोठा आणि फार ताठर दिसला की त्याच्या पोटात आणखी कोणी बसलंय का, हे मी नेहमी चाचपून बघते. दर वेळी असतंच असं नाही.

बाईंनी मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, आमचं घर लहान आहे, तुम्हाला अडचण होईल असं वाटलं. दोन वर्षं हे कुणी कुणाशी बोललं नव्हतं.

ठरलं ते असं: दोन वर्षांत एकच मोठा प्रवास, जाऊन दीड-दोन महिने मुलीकडेच राहायचं. विमान शक्यतो थेट आणि इकॉनॉमीतलं, कारण बिझनेस क्लासची सीट जागा जास्त व्यापते आणि तिच्या वाट्याचं उत्सर्जन साधारण तिपटीपर्यंत जातं. तिथे गेल्यावर फिरणं रेल्वेने. व्हेनिस रद्द. झाडं लावायला पैसे भरून उत्सर्जन फेडण्याच्या योजनांबद्दल त्यांनी विचारलं. माझं मत विचारलंत तर चांगली योजना असेल तर जरूर पैसे द्या, पण पावती बघून जास्तीचं तिकीट काढू नका.

आकडेमोडीला आठवड्यातला एक तास ठरवून दिला. पहिले काही आठवडे तो तास ओसंडून वाहिला, मग आटोक्यात आला. पहाटेची जाग अजून अधूनमधून येते. नवऱ्यांनी वस्तू लपवणं सोडलंय आणि परवा, स्वतःहून, एका लग्नाला जायचं विमानाचं तिकीट रद्द करून रेल्वेचं काढलं. कारण विचारलं तर म्हणाले, रात्रभर झोप होते.

बहिणीशी मात्र बाई अजून बोलत नाहीत. क्रूझबद्दलचा राग खरा आहे आणि दोघी बहिणींमधला एक जुना हिशेबही त्यात मिसळलेला आहे. आता ते काम सुरू केलंय.