कोणती भूल घेतली म्हणजे कर्करोग परत येणार नाही?

इंदूरच्या रामबागेतल्या एक काकू मुलासोबत माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला आठ दिवस उरले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांनी फाइलमधून वहीचा एक कागद काढला. मधोमध रेघ मारून एकीकडे ‘गॅस’ आणि दुसरीकडे ‘सलाइनमधून’ असे लिहिले होते, आणि गॅसखाली ‘पसरतो’ हा शब्द दोनदा गिरवला होता. मुलाच्या मोबाइलवर आलेल्या मजकुरात म्हटले होते की, गॅसच्या भुलीने कर्करोग बळावतो, म्हणून शिरेतून दिली जाणारी भूलच मागून घ्यावी. रुग्णालयाकडून तसा शब्द मिळेना, तेव्हा तारीख पुढे ढकलून दुसरीकडे जायचे, असे घरात जवळजवळ ठरले होते.

ही शंका अडाणीपणाची नाही, हे मी आधी सांगितले. शस्त्रक्रियेच्या ताणामुळे, वेदनेमुळे आणि काही औषधांमुळे शरीराची प्रतिकारशक्ती काही काळ मंदावते. तेवढ्या अवधीत गाठीतून सुटलेल्या पेशी दुसरीकडे मूळ धरत असतील का, हा प्रश्न भूलतज्ज्ञांनीच उपस्थित केला होता. २००६ मध्ये १२९ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा मणक्याशेजारी बधिर करणारे इंजेक्शन मिळालेल्या स्त्रियांत रोग कमी प्रमाणात उलटल्याचे दिसले. मात्र कोणाला कोणती भूल का दिली गेली, हे जुन्या नोंदींवरून नीट कळत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून पाहावे लागते. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ रुग्णालयांतील दोन हजारांहून अधिक स्त्रियांचे असे दोन गट होते. एका गटाला बधिरीकरणासोबत प्रोपोफॉल हे शिरेतून दिले जाणारे भुलीचे औषध, तर दुसऱ्या गटाला सेव्होफ्लुरेन हा गॅस आणि अफूवर्गीय वेदनाशामके देण्यात आली. दोन्ही गटांत रोग परतण्याचे प्रमाण सुमारे १० टक्केच निघाले.

“मग टाटाच्या त्या इंजेक्शनचे काय?” मुलाने विचारले. मुंबईच्या टाटा कर्करोग रुग्णालयातील डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास त्याच्या वाचनात आला होता. त्यात शस्त्रक्रियेआधी ७ ते १० मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन हे जागा बधिर करणारे औषध टोचले गेले आणि पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या स्त्रिया, इंजेक्शन न दिलेल्या गटातील ८२.६ टक्क्यांच्या तुलनेत, ८६.६ टक्के आढळल्या. पण हे इंजेक्शन भुलीच्या जागी दिले जात नाही, भूल कोणतीही असली तरी ते वेगळे टोचले जाते. तेव्हा त्याविषयी सर्जनलाच विचारावे, असे मी सुचवले. तारीख पुढे ढकलण्याबाबत मात्र मी स्पष्ट बोलले. शस्त्रक्रियेला उशीर झाला की धोका वाढतो, याचा पुरावा भुलीच्या निवडीविषयीच्या पुराव्याहून कितीतरी भक्कम आहे.

मुलाचे समाधान झाले, काकूंचे झाले नाही. तो शब्द दोनदा का गिरवला, असे मी विचारले, तेव्हा बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “आमच्या मोठ्या जाऊबाई ऑपरेशननंतर वर्षभरात गेल्या. भूल दिली आणि पसरला, असंच घरात सगळे म्हणतात.” हा प्रश्न मी आकडे सांगण्याआधीच विचारायला हवा होता. जाऊबाईंचा आजार कळला तेव्हाच त्यांना कंबरेच्या हाडात दुखत होते, हेही बोलता बोलता निघाले. म्हणजे शस्त्रक्रियेच्या आधीच तो हाडापर्यंत गेलेला असण्याची शक्यता मोठी होती. काकूंनी ते दोनदा विचारून घेतले.

मग आम्ही त्यांच्या स्वतःच्या भुलीकडे वळलो. पूर्वी पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर त्यांना दोन दिवस उलट्या झाल्या होत्या, आणि ही गोष्ट त्यांनी भूलतज्ज्ञांना सांगितलीच नव्हती. शिरेतून प्रोपोफॉल देऊन भूल चालू ठेवली, तर उलट्यांचा त्रास सहसा कमी होतो. म्हणजे त्या जे मागत होत्या, त्यासाठी खरे कारण त्यांच्याजवळ होते, फक्त ते कर्करोगाचे नव्हते. दमा, रक्तदाब, रोजच्या गोळ्या, सैल दात, आधीच्या भुलीचा अनुभव, या माहितीवर भूलतज्ज्ञ पुष्कळ काही ठरवत असतात.

काकूंनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले: ‘मागच्या वेळी उलट्या, दोन दिवस. वरचा दात हलतो.’ शस्त्रक्रिया ठरल्या तारखेलाच झाली.